वीस सेकंद मागे

अकरा वाजून दोन मिनिटांनी पडद्याच्या कोपऱ्यातलं शून्य गेलं आणि तिथे एक आला. झालं ते एवढंच. चहाचा कप मी ओठांपर्यंत नेला होता, तो तिथेच थांबला. प्रेक्षक : एक. गेले बारा दिवस त्या कोपऱ्यात मी शून्य बघत होतो, म्हणजे खरं तर बघतही नव्हतो, दाराच्या कडीकडे आपण जितपत बघतो तितपतच. आमच्या विद्यापीठाची स्वतःची व्हिडिओ सेवा चाचणीवर होती. व्याख्यानं कुठल्या तरी लांबच्या कंपनीच्या यंत्रांवर न ठेवता आमच्याच तळघरातल्या सर्व्हरवर ठेवायची, आणि आमच्याच मुलांना ती तिथून दाखवायची, ही कल्पना माझी. तीन वर्षं मी ती काखेत घेऊन एका समितीकडून दुसऱ्या समितीकडे हिंडलो होतो. शेवटी कुलगुरू म्हणाले, दाखवा एकदा. प्रात्यक्षिक शुक्रवारी ठरलं. यंत्र सलग चालतं की मध्येच धापा टाकतं ते कळावं म्हणून चार नंबरच्या वर्गात मागच्या भिंतीवर कॅमेरा लावला, वर्गाला कुलूप घातलं आणि तो रिकामा वर्ग अहोरात्र दाखवत ठेवला. बाकांच्या नऊ रांगा, सात मिनिटं पुढे असलेलं घड्याळ, एक फळा आणि त्यावर कुणीतरी अर्धवट सोडलेलं गणित. इतका कंटाळवाणा कार्यक्रम जगात दुसरा नसेल. शिवाय तो बघायची परवानगी कुणालाच नव्हती. यादीत आमच्या खोलीतली चार-पाच यंत्रं तेवढी होती, आणि त्यांना प्रेक्षकांत मोजायचं नाही असं मीच ठरवलं होतं.

"सुतळीबाई," मी म्हणालो, "कुणीतरी बघतंय."

सुतळीबाई तारांचं काम बघतात. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात आहे, पण इतर सगळे लोक तारा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळतात आणि या सुतळीने बांधतात. पट्टी कापताना तार कापली जाते, सुतळीची गाठ सोडता येते, असं त्यांचं तत्त्वज्ञान आहे. आमच्या तळघरातली यंत्रांची कपाटं मागून बघितली तर किराणा दुकानातल्या पुड्या बांधून ठेवल्यासारखी दिसतात. त्या माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या आहेत आणि मला अरे-तुरे करतात.

"बघू दे की," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं बोंबलत होतास ना, कुणीतरी बघा म्हणून."

"पण कोण?"

"नोंद काढ. मला काय विचारतोस?"

मी नोंद काढली. तो एक काही आजच आलेला नव्हता. तो गेले नऊ दिवस येत होता. रोज अकराला यायचा आणि बाराला पाच कमी असताना जायचा. त्या वेळी मी नेमका वरच्या मजल्यावरच्या बैठकीत तरी असायचो किंवा दुसऱ्या पडद्याशी तरी. नऊ ओळी एकाखाली एक होत्या, हजेरीपटासारख्या, एकही खाडा नाही. त्या वाचता वाचता माझी पाठ आपोआप ताठ झाली. डोक्याच्या आधी पाठीला कळलं होतं. अकराचा तास. चार नंबरचा वर्ग. चाचणीसाठी तोच वर्ग का निवडला असं समितीने विचारलं होतं तेव्हा मी सांगितलं होतं, तो तळघराच्या बरोबर डोक्यावर आहे, तार कमी लागते. ते खरंच होतं. पण कॅमेरा लावायला मी वर गेलो नव्हतो हेही खरं. शिडीवर सुतळीबाई चढल्या होत्या आणि मी खाली बसून फोनवर "थोडा डावीकडे, आणखी थोडा" असं ओरडत होतो. सव्वीस वर्षं मी त्याच इमारतीत काम करतो आहे आणि चार नंबरच्या वर्गाचा उंबरा मी सव्वीस वर्षांत ओलांडलेला नाही. कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, तसा प्रसंग आला नाही. प्रसंग येऊ नये म्हणून माणूस किती कष्ट घेतो ते त्याचं त्यालाच माहीत.

त्या वर्गात अकराचा तास आईचा असायचा. आई गणित शिकवायची, तीस वर्षं शिकवलं, आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या एका वर्गात तिसऱ्या बाकावर मी होतो. घरी आई, वर्गात बाई. घरातून एकत्र निघायचो, फाटकाशी ती पुढे व्हायची आणि मी बुटाची नाडी बांधायला थांबायचो, म्हणजे आत जाताना दोघांचा संबंध दिसायला नको. तिची शिकवण्याची एक रीत होती. फळ्यावर एका ओळीखाली दुसरी ओळ लिहायची, मग खडू दोन ओळींच्या मध्ये टेकवायचा आणि विचारायचं, "इथून इथे येताना आपण काय गृहीत धरलं?" मग कुणाला तरी उभं करायचं आणि थांबायचं. ती नुसती थांबायची. सूचक शब्द नाही, भुवई वर नाही, पुढच्याला विचारणं नाही. उत्तर बरोबर आलं तर शाबासकीही नाही. "बस" म्हणायची आणि पुढची ओळ लिहायला वळायची. त्या "बस"साठी मुलं जीव टाकायची. एका मंगळवारी तिने मला उभं केलं. फळ्यावर दोन्ही बाजूंना क्षने भागलं होतं. उत्तर मला येत होतं. अगदी जिभेवर होतं. क्ष शून्य नाही असं आपण गृहीत धरलं, आणि ते धरायला आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. पण मी ते बोललो असतो तर मागचे साठ जण म्हणाले असते, घरीच शिकवलं असेल. नसतो बोललो तर म्हणाले असते, आई असून येत नाही. इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये मी, बाकाच्या कडेवर दोन्ही हात टेकवून. ती थांबली. सगळ्यांसाठी थांबायची तशीच, कमी नाही की जास्त नाही, फक्त मला ते फार वाटलं. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. तिने डबीत खडू ठेवला, हात झटकले आणि ती गेली. मी उभाच होतो. पुढच्या आठवड्यात मी गणित सोडून यंत्रांच्या शाखेला अर्ज दिला. घरी त्याबद्दल एक शब्द निघाला नाही, ना तिच्या तोंडून ना माझ्या. तेव्हापासून आजवर माझ्या कामाबद्दल तिने एकही प्रश्न विचारलेला नाही. जेवलास का, छत्री घेतलीस का, पायऱ्यांवरचा दिवा गेलाय, हे सगळं विचारते, सांगते. आमचं पटत नाही असं कुणी म्हणणार नाही. आम्ही एकाच घरात राहतो, एकाच टेबलावर जेवतो, बायको म्हणते तुम्ही दोघं हसता सुद्धा एकसारखे. पण त्या एका बाबतीत आमच्यात तो मंगळवार तसाच उभा होता.

नोंदीतला तो एक कुठल्या पत्त्यावरून येतो ते मी शोधलं. आपल्याच घराचा पत्ता ओळखायला मला अर्धं मिनिट लागलं, कारण तो इंटरनेटवरच्या आकड्यांत होता. मग आठवलं. पहिल्या रविवारी घरून दिसतं का ते बघायचं होतं, माझं यंत्र कचेरीत राहिलं होतं, म्हणून आईच्या टॅब्लेटवर उघडून बघितलं. त्यासाठी घराचा पत्ता परवानगीच्या यादीत घातला आणि पुढे लिहिलं : तात्पुरतं. चित्र दिसलं, मी खूश झालो, टॅब्लेट तसाच ठेवून जेवायला बसलो. आमच्या धंद्यात तात्पुरत्या गोष्टीइतकं टिकाऊ काहीच नसतं. मी इतरांच्या याद्यांतल्या असल्या ओळी पकडून चारचौघांत त्यांची शोभा करत आलो होतो, आणि माझ्याच यादीत, माझ्याच हाताने केलेलं मागचं दार नऊ दिवस सताड उघडं होतं.

सुतळीबाईंनी खांद्यावरून वाकून वाचलं आणि कमरेवर हात ठेवले. "शुक्रवारी भिंग येणार आहे," त्या म्हणाल्या. भिंग म्हणजे सुरक्षा समितीतले प्राध्यापक. ते कुठलाही कागद नाकाला लावून ओळ न् ओळ वाचतात. "पहिला प्रश्न हाच विचारेल. घरच्यांसाठी भोक पाडलं म्हणेल. तीन वर्षांचं सगळं मुसळ केरात. एक ओळ आहे, काढून टाक आत्ताच."

एक ओळ होती. बोट नेऊन ठेवलं की गेली असती. मी बोट नेलं सुद्धा. पडद्यावर तो रिकामा वर्ग होता, डावीकडच्या खिडकीतून ऊन दुसऱ्या बाकापर्यंत आलं होतं, कोपऱ्यात एक होता. तो एक काय बघत असेल? तिथे बघण्यासारखं काय होतं? मला एकदम असं वाटलं की मी ओळ काढली तर तो वर्ग कुणाच्या तरी तोंडावर बंद होईल, आणि त्या "कुणाच्या तरी"ला मी चांगला ओळखत असूनही ओळखत नाही. "आलो अर्ध्या तासात," म्हणालो आणि जाकीट न घालताच निघालो. घर पंधरा मिनिटांवर आहे. मी दहा मिनिटांत पोचलो. वाटेत मनात वाक्यं जुळवत होतो आणि ती सगळी तीन मजले चढताना धापेत विरून गेली.

आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती जिना उतरत नाही, म्हणजे दीड वर्ष झालं. टॅब्लेट साखरेच्या डब्याला टेकवला होता. केस नीट विंचरलेले, चष्मा पुसलेला, आणि हातात घड्याळ. निवृत्त झाल्यापासून तिने घड्याळ बांधलेलं मी बघितलं नव्हतं. मला ते बघून हसू आलं.

"आत्ता कसा आलास?"

"असाच."

"मग उजेडात उभा राहू नकोस. फळा चकाकतो."

मी बाजूला झालो. थोडा वेळ आम्ही दोघं मिळून रिकामा वर्ग बघत बसलो. "रोज बघतेस?" मी विचारलं.

"तू लावून दिलंस ना माझ्यासाठी. म्हटलं, मुलाने आठवणीने एवढं केलंय तर बघायला हवं."

यावर सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. की ते तुझ्यासाठी नव्हतं, ती माझी चूक होती, आणि ती नियमाबाहेरची होती. मी त्यांतलं काहीही सांगितलं नाही. मला लाज वाटली, आणि लाजेच्या खालोखाल आनंद झाला, न कमावलेलं बक्षीस हातात पडावं तसा. "त्यात काही घडत नाही, आई," एवढंच म्हणालो.

"ते दिसतंय मला. न घडलं तरी तास तो तास." तिने चष्मा वर केला. "घड्याळ अजून सात मिनिटं पुढेच आहे. मीच करून ठेवलं होतं, मुलं वेळेवर यावीत म्हणून. पण तो फळा कुणी पुसत कसा नाही?"

"वर्गाला कुलूप आहे. चाचणी संपेपर्यंत कुणी जायचं नाही."

"नऊ दिवस बघतेय मी ती तिसरी ओळ. कोण गाढव शिकवून गेलाय? दोन्ही बाजूंना क्षने भागलं आणि सरळ पुढे. क्ष शून्य असला तर? विचारायला नको त्याला, बाबा रे, तू शून्य तर नाहीस ना? भागून टाकलं की एक उत्तर गेलं. मुलांना वाटतं शून्य म्हणजे काहीच नाही. अरे, शून्य हेही उत्तर असतं. कधी कधी तेच खरं असतं." टेबलावरची नसलेली खडूची भुकटी तिने बोटाने झटकली. "जेवण जात नाही मला ते बघून."

मी ती ओळ बारा दिवस बघत होतो आणि मला ती दिसली नव्हती. मी चित्राचा रंग बघत होतो, कडा बघत होतो, हलतं का, अडकतं का ते बघत होतो. चित्रात काय आहे ते बघायला पहिला प्रेक्षक यावा लागला. मी हे तिला सांगितलं नाही, पण बहुधा चेहऱ्यावर आलं असावं, कारण तिने माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि सव्वीस वर्षांत न विचारलेली गोष्ट विचारली. "हे इथपर्यंत येतं कसं?"

मी खुर्ची ओढली. सांगताना माझे हात टेबलावर चमचे मांडत होते हे मला नंतर कळलं. चित्राचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे होतात. हा एक चमचा, हा दुसरा. ते एकामागोमाग एक निघतात. इथे पोचले की लगेच दाखवायचे नाहीत, तीन जमेपर्यंत थांबायचं, म्हणजे वाटेत एखादा रेंगाळला तरी चित्र अडकत नाही. त्यामुळे इथे दिसतं ते वीसेक सेकंद मागचं असतं. ती बाहेरची कंपनी दहा सेकंदांवर आली आहे, आम्ही अजून वीसवरच आहोत, हीच आमची पडती बाजू आहे. आई चमच्यांकडे बघत ऐकत होती. मध्येच एकदा तिने तिसरा चमचा उचलून विचारलं, "दोनच ठेवले तर?" आणि मी म्हणालो, "तर बिचाऱ्याला धाप लागते," आणि ती हसली. तो प्रश्न समितीतल्या एकाही माणसाला सुचला नव्हता.

"वीस म्हणजे काही फार नाही," ती म्हणाली. "वर्गात मी तेवढी थांबायचेच." मग टॅब्लेटकडे बघत, अगदी सहज, "काही मुलांना त्याहून जास्त लागतं."

मी चमचे गोळा करून जागेवर ठेवले. बाराला पाच कमी होती. तिने टॅब्लेट बंद केला आणि घड्याळ काढून ठेवलं.

परत आलो तेव्हा सुतळीबाई डबा उघडून बसल्या होत्या. मी सरळ यंत्राशी गेलो आणि ती ओळ उघडली. काढली नाही. पुढचं "तात्पुरतं" खोडलं आणि लिहिलं : निवृत्त प्राध्यापक, गणित. रोज अकरा ते बारा. फळा तपासण्यासाठी. खाली तारीख घातली, माझी सही घातली, आणि परवानगीचा रीतसर अर्ज लिहून विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवला. सुतळीबाईंनी वाचलं आणि घास गिळला. "भिंग विचारेल."

"विचारू दे. उत्तर येतं मला."

(शुक्रवारी भिंगाने ती ओळ खरोखरच नाकाला लावून दोनदा वाचली. मग कागद खाली ठेवून विचारलं, "बाई अजून तपासतात?" आणि खुर्चीत ताठ बसले. तेही त्याच बाकांवरून गेलेले निघाले. बाकी सगळं सुरळीत पार पडलं, कुलगुरूंना फक्त यंत्रांना बांधलेल्या सुतळीचं आश्चर्य वाटलं. पण हे नंतरचं.)

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, अकराला पाच मिनिटं असताना मी किल्ल्यांच्या फळीवरून चार नंबरची किल्ली घेतली. सुतळीबाईंनी टेबलाच्या खणातून एक अख्खा खडू काढून माझ्या खिशात घातला. वर जायला वीस पायऱ्या आहेत. मी त्या मोजल्या. माझं मलाच हसू येत होतं. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, हाताखाली सहा जण, डोक्यावर टक्कल, आणि खिशात खडू घेऊन तासाला निघालेला. कुलूप जरा अडलं, मग निघालं. आत बंद खोलीचा वास होता आणि त्यात खडूचा. बाकं मला लहान वाटली. तिसऱ्या बाकाच्या कडेवर मी हात ठेवून बघितला, लाकूड तिथे गुळगुळीत होतं, पण ते तर सगळ्याच बाकांचं असतं. मागे वळून कॅमेऱ्याकडे बघितलं. बारा दिवस मी त्याच्या आतून बघत होतो, समोरून पहिल्यांदाच बघत होतो. त्याचा लाल दिवा लागलेला होता. मी आईला फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर ठेवला.

"बोल," ती म्हणाली.

"दिसतोय का?"

"कुठे? वर्गात कुणी नाही."

फोन तत्काळ पोचतो, चित्र मागून येतं. मी फळ्याशी गेलो. दुसरी ओळ, तिसरी ओळ. त्यांच्यामध्ये बोटभर जागा होती. खडू टेकवला तेव्हा तो कर्र वाजला, आणि माझ्या मागे साठ जण बसलेले मला जाणवले, सगळेच्या सगळे, आणि काय आश्चर्य, त्यांच्यातल्या कुणालाच माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. कुणी खिडकीबाहेर बघत होतं, कुणी वहीत चित्रं काढत होतं. तेव्हाही बहुधा तसंच असणार.

"हं, दार उघडलं," फोनमधून आवाज आला. "आलास. जाकीट घालून आलास ते बरं केलंस."

मी लिहिलं : क्ष शून्य नसेल तर. आणि खाली, लहान अक्षरांत, दुसरी शक्यता : क्ष शून्य. म्हणजे हरवलेलं उत्तरही जागेवर आलं. एवढं लिहायला मला किती वेळ लागला असेल? पाच-सहा सेकंद. मी खडू ठेवला, वळलो आणि उभा राहिलो. दोन्ही हात आपोआप पहिल्या बाकाच्या कडेवर गेले.

"बाकाला हात काय लावतोस," ती म्हणत होती. "पुढे हो." तिच्याकडे मी अजून तिसऱ्या बाकाशी होतो.

आता फक्त थांबायचं होतं. तुकडे निघाले असतील, एकामागोमाग एक, माझ्या पायांखालच्या तळघरातून, सुतळीने बांधलेल्या तारांतून, रस्त्याखालून, तीन मजले वर, साखरेच्या डब्यापर्यंत. मी मोजत नव्हतो. मोजायची गरज वाटत नव्हती. इतकी वर्षं मला वाटत आलं होतं की त्या दिवशी ती मला अडकवून उभी होती. आता मी तिच्या जागी, फळ्याशी उभा राहून थांबत होतो, आणि थांबणाऱ्याच्या मनात समोरच्याबद्दल किती आशा असते ते मला कळत होतं. फोनमध्ये तिच्या श्वासाचा आवाज येत होता. मग खुर्ची किंचित करकरली. ती पडद्याजवळ वाकली असणार.

तिने दोन्ही ओळी वाचल्या असाव्यात. अक्षराबद्दल काही बोलेल असं वाटलं, पण नाही बोलली.

"बस," ती म्हणाली.

मी पहिल्याच बाकावर बसलो. गुडघे समोरच्या फळीला लागले, बाक माझ्या मापाचा राहिला नव्हता. ऊन बाकावर आलं होतं. मला फार हलकं वाटत होतं आणि डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि ते कॅमेऱ्याला दिसणार नाही कारण माझी त्याच्याकडे पाठ होती.

"अरे, बस म्हटलं ना."

"बसलोय, आई."

"इथे तर अजून उभाच आहेस."

"थांब जरा. येतंय."

ती थांबली. तिला थांबता येत होतंच. वर्गातलं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं, आई वीस सेकंद मागे होती, आणि मी बाकावर कोपरं टेकवून त्या दोन्हींच्या मध्ये निवांत बसून राहिलो.

"हं," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "आता बसलास."